पिल्लाच्या आधी त्याची आई

मंडळी, आज सकाळी मी, आई आणि बहीण मानकोलीला बंगाल जातीच्या मांजरीचं ठिपक्यांचं पिल्लू बघायला गेलो होतो. तुझी बारावी झाल्यावर मांजर आणू, असा शब्द मी धाकट्या बहिणीला दिला होता. महिनाभर या जातीबद्दल वाचून मी प्रश्नांची यादीही केली होती: लसी, खाणं, वंशावळीचे कागद.

विकणाऱ्याने सगळी उत्तरं नीट दिली. तोवर पिल्लू बहिणीच्या मांडीवर झोपूनही गेलं.

तेवढ्यात आईने विचारलं, "याची आय कुठं हाय?"

"काकू, कागदावर नाव आहे ना तिचं."

"कागद न्हाय, आय दाखव. आमी शेळी घेतली तरी आधी तिची आय बघतो."

बरेच आढेवेढे घेऊन त्याने आतली खोली उघडली. पिल्लाची आई धड उभीही राहू शकणार नाही एवढ्याशा पिंजऱ्यात होती. अंगावरचे केस जागोजागी गेलेले, पोटात पुन्हा पिल्लं. आईने बोट पुढे केलं तशी ती मागे सरकली.

आई मला म्हणाली, "तू शिकलेली हायस. तूच सांग, घ्यायचं का?"

मी नाही म्हटलं. बहिणीने पिल्लू खाली ठेवलं. परतताना रिक्षात ती म्हणाली, "ताई, आपण नाही घेतलं म्हणून ती सुटली का?"

घरी येताच मी हे लिहायला बसले.

तुमच्यापैकी कुणी अशा मांजरीला सोडवलंय का? कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, तेवढं सांगा. उद्या मला सुट्टी आहे आणि बहीण सोबत येणार आहे.