अप्पारावची सरळ हनुवटी

टीव्ही सेंटर भागातल्या अप्पाराव फोटोवाल्याची हनुवटी डावीकडं गेलेली होती, हे अख्ख्या हडको वसाहतीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्याच्या फोटोंना. आठ वर्षांचा असताना कन्नडला कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या गाडीवरून तो तोंडावर आपटला, जबडा आपल्या मनानं जुळला आणि हनुवटी जी रुसून बाजूला बसली ती बसलीच. पुढं पठ्ठ्यानं धंदाच असा निवडला की लोकांचे चेहरे त्याच्या हातात यावेत. स्वतःचा फोटो तो स्वतःच काढायचा, हनुवटी माउसनं धरून मधोमध आणून ठेवायचा, मगच जगाला दाखवायचा. लग्नाच्या वेळी काँप्युटर कुठला? तेव्हा मान वळवून फोटो काढला आणि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली. त्याच फोटोवर गोजरबाईच्या वडिलांनी होकार कळवला. गोजरबाईनं नवरा पाहिला तो अंतरपाट खाली आल्यावर. सव्वीस वर्षं झाली, या विषयावर ती बाई एक शब्द बोललेली नाही.

दुसऱ्याच्या कॅमेऱ्यापुढं अप्पाराव एकदाच बसला, आधार कार्डासाठी. ते कार्ड पाकिटाच्या तळाशी, उलटं. कुणी झेरॉक्स मागितली तर हा नेमकी काळीकुट्ट काढून आणणार.

तर असा हा माणूस गेल्या हिवाळ्यात खुलताबादजवळच्या एका लग्नात, जरा जवळ या, हसा, असं नवरानवरीला सांगत मागं मागं सरकला आणि सरकता सरकता स्टेज संपलं. पडताना त्यानं सांभाळला कॅमेरा. दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तोंड दिलं जनरेटरच्या लोखंडी ट्रॉलीला. कॅमेऱ्यावर ओरखडा नाही. अप्पारावचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला, डावं गालाचं हाड आत बसलं आणि डावीकडचे पाच दात गेले.

गल्लीला इथपर्यंत हसू येत होतं. मग लोक दवाखान्यात बघायला जाऊन आले आणि चहाच्या टपरीवरसुद्धा दोन दिवस कुणी चेष्टा केली नाही. तोंड भोपळ्याएवढं, डोळा मिटलेला, वरच्या-खालच्या दातांना तारा गुंडाळून जबडा बांधलेला. बोलणं बंद. नळीनं मोसंबीचा रस आणि पोराटोरांची पाटी, इतकाच त्याचा जगाशी व्यवहार.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी डॉक्टर महेजबीन आल्या. हातात पांढऱ्या प्लास्टिकची कवटी. अप्पारावच्याच स्कॅनवरून बनवलेली, मोडलेल्या रेघांसकट. गोजरबाईनं ती बघितली आणि पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी समजावलं, की या नमुन्यावर धातूच्या पट्ट्या आजच वाकवून ठेवायच्या आणि उद्या सकाळी त्याच हाडावर स्क्रूनं बसवायच्या. अडचण एवढीच होती की डावीकडचे दातच गेले, त्यामुळं दात जुळवून जबड्याची मूळ जागा पक्की कळत नव्हती. म्हणून त्यांनी जुने फोटो मागवले होते. लेक प्रेरणा शेंद्र्याला कंपनीत कामाला. तिनं सकाळी घाईघाईत स्टुडिओच्या काँप्युटरवरचे वीस-बावीस फोटो पाठवून दिले. स्टुडिओत बापाचे दुसरे फोटो असतील तर ना.

"स्कॅनमध्ये सांधा जरा तिरका वाटतो," डॉक्टर म्हणाल्या. "मूळचाच तसा असता तर मी मधोमध ओढला नसता. असा जबडा जबरदस्तीनं सरळ केला तर सांधा अडकतो, तोंड दोन बोटंही उघडत नाही. पण फोटोत तर तुम्ही अगदी सरळ आहात. तेव्हा मधोमधच घेते. चार वाजता पट्ट्या वाकवायला बसणार."

आणि कवटी खाटेवरच ठेवून त्या शेजारच्या वॉर्डात गेल्या.

अप्पारावनं पाटीकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला. आता बघा, चोरी पकडली जाईल म्हणून धडधडायला हवं होतं, पण या गृहस्थाच्या मनात निराळंच शिजत होतं. इतकी वर्षं जी गोष्ट पेन्सिलीनं नि माउसनं करून भागवली ती आता हाडावरच होणार. तीही सरकारी योजनेत. डॉक्टर लोक घाबरवून ठेवतात, अडकलेला सांधा काय, सुटेलही. एका डोळ्यानं तो भिंतीवरचं घड्याळ बघू लागला. पावणेतीन. सव्वातीन. नर्स सहीचा कागद घेऊन आली. त्यानं पेन धरलं आणि घड्याळाकडं बघतच अशी सही ठोकली की अप्पारावचा 'अ'च ओळखू येईना.

गोजरबाई मोसंबी सोलत होती. सोललेल्या चार मोसंब्या ताटलीत पडून होत्या, पाचवी हातात. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. नर्स गेल्यावर खाली मान घालूनच बोलली.

"अंतरपाट खाली आला तवाच म्या बघितलं व्हतं. तरी हार घातलाच ना तुमास्नी?"

अप्पारावनं खाटेवरची कवटी जवळ ओढली.

"सरळ तोंड घिऊन करायचं काय, भाकरीचा घास जर आत जाणार नसंल तर? म्या सांगितलं असतं डॉक्टरीनबाईला. पर नवऱ्याचं तोंड वाकडं हाय, हे चारचौघांत बायकोनं सांगायचं व्हय? तुमचं तुमी सांगा."

चाराला दहा कमी असताना डॉक्टर दारातून कवटी न्यायला आल्या. अप्पारावनं ती छातीशी धरलेली, कॅमेरा धरला होता तशीच. सोडीना. डॉक्टरांनी दोनदा मागितली. मग त्यानं एका हातानं उशीखालचं पाकीट काढलं, तळाचं कार्ड ओढलं आणि पुढं केलं. मग कवटी सोडून पाटी घेतली आणि लिहिलं, 'फोटो सगळे खोटे. हे खरं. लहानपणापासून.'

डॉक्टर ते कार्ड खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. एकदा कवटीकडं, एकदा कार्डाकडं. अप्पारावला त्या क्षणी जी लाज वाटली ती सुजलेल्या तोंडावरही दिसली, असं गोजरबाई आजही सांगते, नाही विचारलं तरी.

"बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाल्या. आणि पाटी हातात होती, बोलला कुठं, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. गोजरबाईनं बाहेर बाकावर बसून तेवढ्या वेळात कुणाशीही एक अक्षर काढलं नाही, जे आमच्या गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. पुढं सहा आठवडे नळीवरच. तारा निघाल्या त्या दिवशी तिनं दुधात कुस्करलेली भाकरी पुढं ठेवली. त्यानं तोंड उघडलं. पहिल्यांदा एक बोट, मग दोन. बोट ओठांशी धरून तिनं स्वतः मोजलं. हनुवटी डावीकडंच होती, जिथली तिथं. घास आत गेला.

महिनाभरानं डॉक्टरांनी तपासणीसाठी ताजा फोटो मागितला, गालावरचे टाके कसे भरले ते पाहायला. अप्पारावनं स्टुडिओत स्टुलावर बसून स्वतःच काढला. काँप्युटरवर उघडला. माउस हनुवटीपर्यंत गेला, थांबला आणि परतला. गोजरबाई मागं उभी होती म्हणून की कसं, ते तिलाच विचारा. फोटो पाठवला.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. हनुवटी छान आहे, त्या म्हणाल्या, पण गालावरचा टाक्यांचा वण कुठं गेला?