मरियमच्या ‘र’साठी जंगलाला एक वळसा

ही सहल आखून केलेली नाही, त्यामुळे बेत कसा आखला हे विचारू नका. ऐंशीच्या दशकातला एक रविवार. मुलुंडच्या आमच्या घरात नवरा पेपर वाचत होता, तीन वर्षांचा निखिल ‘लिक्षा, लिक्षा’ करत पत्र्याचं खेळणं ओढत होता, मी सवयीने ‘रिक्षा म्हण, रिक्षा’ असं त्याच्या मागे लागले होते, आणि माझे पाय काही एका जागी ठरत नव्हते.

घाटकोपरच्या एका छोट्या दवाखान्यात मी मुलांच्या उच्चारांवर काम करायचे. आदल्या दिवशी बहारीनचे व्यापारी युसुफभाई चार वर्षांच्या मरियमला घेऊन आले होते. पोरगी ‘र’ला ‘ल’ म्हणायची. एका सर्जनने तिच्या जिभेखालचा पडदा कापायचं ठरवलं होतं, तेही सोमवारी सकाळी. युसुफभाईंना त्याआधी आणखी कुणाचं तरी मत हवं होतं. मी मरियमच्या वरच्या ओठाला मध लावला. तिने जीभ वर नेऊन तो चाटून साफ केला. जिभेत काही खोट दिसेना. पण अरबी मुलं चौथ्या वर्षी ‘र’ म्हणतात की नाही, हे मला कुठे ठाऊक होतं? माझे सगळे आडाखे मराठी मुलांवर बेतलेले.

“मी बोरीवलीला जाऊन येते,” मी म्हटलं.

“आज? सुट्टीच्या दिवशी?” नवऱ्याने पेपर खाली केला.

“उद्या तिची जीभ कापणार आहेत. मग कधी जाऊ?”

मुलुंड आणि बोरीवलीच्या मधे जंगल, म्हणून त्याला वळसा घालत ठाण्याहून घोडबंदरमार्गे जाणारी बोरीवलीची एसटी पकडली. आज हा रस्ता टोलेजंग इमारतींमधून जातो, तेव्हा झाडीतून जायचा. जाणार असाल तर उजवीकडची खिडकी धरा, मधूनमधून खाडी दिसते. मी तीच खिडकी धरली होती, पण खाडीकडे माझं धड लक्ष नव्हतं. बस प्रत्येक थांब्यावर थांबली की कंडक्टरचा राग यायचा.

बोरीवलीला माझी कॉलेजची मैत्रीण सुलभा राहायची. मूळची मालवणची. नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं कुवेतला काढलेली, त्यामुळे अरबी सहज बोलायची.

“काय गो, आयतवारची सकाळीच? कोण गेला काय?” दारातच तिने विचारलं. मी धाप टाकत सगळं सांगितलं.

“आधी घावणे खा. मगे जाऊया.”

घावणे झकास होते. मी ते उभ्यानेच खाल्ले.

हायवेने रिक्षा करून अंधेरीला आलो. मरोळच्या बाजूला एक गेस्ट हाऊस होतं. आखातातून उपचारांसाठी आलेली कुटुंबं तिथे उतरायची. युसुफभाईही तिथेच उतरले होते. अंगणात पाच-सात पोरं धुडगूस घालत होती, त्यांत मरियमही होती. मी ऐटीत माझी चित्रांची कार्डं काढली. आम्हा लोकांची कामाची रीतच ती: चित्र दाखवायचं आणि मुलाला नाव सांगू द्यायचं. पण माझी चित्रं होती बैलगाडी, फणस आणि गणपतीची! पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“तुझो गणपती ठेव आत गो,” म्हणत सुलभाने फतकल मारली आणि खेळ सुरू केला. स्वतःच्या डोक्यावर टपली मारून ती पोरांना विचारायची, हे काय? डोकं म्हणजे ‘रास’. मोठ्या पोरांचा ‘र’ खणखणीत वाजला. मरियमच्या वयाची तिघं होती. त्यातला एक ‘रास’ म्हणाला, दोघं ‘लास’. बदकाला ‘बत्ता’ म्हणतात, त्यातला ‘त’ तोंड भरून जड काढायचा असतो. छोटी मंडळी तो आपल्या साध्या ‘त’सारखा हलकाच उडवायची. समुद्र म्हणजे ‘बहर’. त्यातला घशाच्या तळातून येणारा ‘ह’ काढताना मला ठसका लागला, आणि मरियमने तो लीलया काढून मला दोनदा शिकवला. ‘बहल!’ अवघड होतं ते तिला येत होतं, आणि ‘र’ तिच्याच बरोबरीच्या पोरांनाही अजून यायचा होता. मला एकदम हलकं वाटलं.

मी युसुफभाईंना गाठलं. “थांबा, घाई करू नका. तिच्या वयाच्या इथल्या मुलांचंही असंच आहे.”

“बेन, इतना दूर लेके आया,” ते मुंबईच्या व्यापारात शिकलेल्या हिंदीत म्हणाले. “इसकी दादी मेरेको छोडेगी नहीं. ‘र’ आएगा, पक्का बोलो.”

पक्कं कसं बोलणार? “पक्का नहीं बोल सकती,” मी म्हटलं. “पण जीभ ठीक है. एक साल रुको.”

मरियमला उचलून ते आत गेले.

सुलभा बोरीवलीला परतली. मी अंधेरी–कुर्ला रस्त्याने घाटकोपरची बस धरली. आज मेट्रोने हे अंतर कळतसुद्धा नाही. तेव्हा साकीनाक्याला बस अडकली की वाट लागली समजायची. घाटकोपरला उतरून ढोकळा घेतला, त्याची चव लागली नाही. ‘पक्का’ म्हणून टाकलं असतं तर? रात्रभर हेच डोक्यात.

सोमवारी दवाखान्यात दार वाजलं की मी उठून बघायचे. दुपारी युसुफभाई आले. मरियम त्यांच्या कडेवर, ओठ घट्ट मिटलेले, एक गाल सुजलेला. झालं, कापली.

मग मरियमने तोंड उघडलं, लिमलेटची भली मोठी गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली, डोक्यावर टपली मारली आणि ओरडली, “लास!”

चुकीच्या उच्चाराचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

त्याच आठवड्यात ते ऑपरेशन न करताच परत गेले. तिचा ‘र’ आला का, हे मला कधीच कळलं नाही. आता ती चाळिशी ओलांडलेली बाई असेल. तरी अंधेरीवरून जाताना अजून जिवाला चुटपुट लागते.

त्या सोमवारी संध्याकाळी मुलुंडला घरी आले तर निखिल दारातच रडवेला उभा. “आई, लिक्षा तुतली.”

‘रिक्षा म्हण’ ओठांवर आलं होतं. मी चपला काढल्या आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसले. “कुठे तुटली? दाखव बघू.”