वाढ्याखालची सायकल

अन्याय माझ्या चुलतीवर झाला. गेल्या गळीत हंगामात, दिवाळी उलटल्यावरच्या पहिल्या सोमवारी, दिवेलागणीनंतर, बावड्याहून आमच्या वस्तीकडे येणाऱ्या रस्त्यावर. ती सायकलवर होती. मागून दुधाची पिकअप आली, कॅरिअरवरच्या चाऱ्याच्या भाऱ्याला घासली आणि काकू रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत पडली. हात मोडला.

हा पहिला अन्याय. दुसरा त्याच रात्री इंदापूरच्या दवाखान्यात सुरू झाला. जो येईल तो तिलाच विचारी, अंधाराचं सायकल घेऊन जायचंच कशाला? गाडी एवढी जोरात का होती, हे एकानंही ड्रायव्हरला विचारलं नाही. उलट त्यानंच तिला उचलून आणलं म्हणून त्याचं कौतुक. चुलत्यांनी तर घरी आल्याबरोबर सायकलला कुलूप घातलं, किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि "आता सायकल बंद" म्हणून मोकळे झाले. ही सायकल म्हणजे काकूचा बाजार, तिचा बचत गट, तिची माहेरची वाट. हात महिन्या-दोन महिन्यांत जुळला असता. किल्लीचं काय?

मी बारामतीला शिकते आणि पत्रकं लिहिते. एसटीत बसल्या-बसल्याच माझं पत्रक तयार झालं होतं, 'बेदरकार चालकांना जाब विचारा' असं. जाब विचारायला मी खरोखरच त्या ड्रायव्हरकडे गेले. माझ्याच वयाचा पोरगा, कॅन धूत होता.

"ताई, खरं सांगतो, दिसल्याच न्हाईत मावशी. मला वाटलं ट्रॉलीतनं पडलेलं वाढं हाय."

वाढं म्हणजे तोडलेल्या उसाचा हिरवा शेंडा. हंगामात आमच्याकडं तोच जनावरांचा चारा. काकू रोज उसाच्या फडावरून त्याचा भारा आणते, कॅरिअरवर आडवा टाकून. ट्रॉल्यांतूनही तो सांडतो आणि रस्ताभर पडलेला असतो.

"आणि वाढं असतं तर वरून गाडी घातली असतीस?"

"रोजच घालतो की ताई."

मला त्याचा असा राग आला! पण त्या रागाला एक प्रश्न चिकटला आणि तो घरी येईपर्यंत सुटेना. जिवंत बाई, पायडल मारणारी, पडलेल्या चाऱ्यासारखी दिसते कशी? काकूच्या मडगार्डला तर लाल रिफ्लेक्टर होता.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर, मागून काय दिसतं ते बघायला, मी त्याला गाडी घेऊन वस्तीवर बोलावलं. "पोलीस न्हाईत ना बोलावलं?" एवढं विचारून तो आला. काकूच्या हाताला प्लास्टर, मग सायकल चालवणार कोण? चुलत्यांना कुलूप काढून स्वतःच सायकलवर बसावं लागलं. काकूनं एका हातानं बोट दाखवत भारा रोजच्यासारखा बांधून घेतला आणि माझ्याबरोबर गाडीत चढून बसली. वस्तीच्या कच्च्या रस्त्यावर चुलते पुढं, आम्ही मागं.

गाडीच्या दिव्याच्या उजेडात मी बघत राहिले. सायकल नव्हती. चुलतेही नव्हते. रस्त्याच्या कडेला हिरवट-पांढरट झुडपासारखं काहीतरी होतं, दोन्हीकडून खाली लोंबणारं. रिफ्लेक्टर त्याच्या आत कुठंतरी गडप.

"अगं बाई," काकू म्हणाली, "ह्यो माणूस कुठाय? नुसता चाराच चाललाय की!"

मग मला चैनच पडेना. इंदापुरात नंबरप्लेटा करणाऱ्या दुकानातून उजेडात चमकणारी रेडियमची पट्टी आणली आणि अंधार पडल्यावर सगळ्यांना पुन्हा रस्त्यावर काढलं. आधी पट्टी चिकटवलेला पुठ्ठा भाऱ्याच्या पाठीवर बांधला. लांबून लाल चमकलं खरं, पण ड्रायव्हर म्हणाला, "हे तर उभ्या ट्रॉलीसारखं दिसतंय. हाललेलं कुठं कळतंय?" बरोबर होतं. आम्हाला हालणारं काहीतरी हवं होतं. आणि सायकलवर सगळ्यात जास्त काय हालतं? पाय. मी चुलत्यांच्या दोन्ही घोट्यांना पट्ट्या बांधल्या.

"आता पैंजण घाला म्हणावं मला," चुलते करवादले.

"घाला की. शोभतायत," काकू गाडीतूनच ओरडली.

तरी दिसेना. वाढ्याची लोंबणारी टोकं घोट्यांवर येत होती. मी उतरले, टोकं वर दुमडली, सुतळीनं आवळून भाऱ्यावरच बांधली. चुलते पुन्हा निघाले. आता पुठ्ठा होताच, त्याच्याखाली दोन ठिपके, एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. झुडपाला पाय फुटले.

"माणूस हाय!" ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला होता. मी तो बघितला. तेव्हा आम्ही सायकलच्या अजून बरेच मागं होतो.

त्यानं माफी मागितली असं मी लिहिणार नाही, कारण मागितली नाही. माझं पत्रकही मी फाडलं नाही. समोर काय आहे ते कळत नसताना वेग तोच ठेवणं हा गुन्हाच आहे, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो खाली बघून "व्हय" म्हणाला.

चुलते घाम पुसत आले. काकूनं चांगला हात पुढं केला.

"किल्ली द्या."

"आधी हात तर बरा होऊ दे."

"हात बरा झाल्यावर सायकल नेणारच हाय. किल्ली आत्ता द्या. तुमी मागनं कसं दिसता ते बघितलंय मी."

चुलत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काकूच्या पुढं केलेल्या हाताकडं बोट दाखवलं. किल्ली तिच्या हातात पडली.

आता तुम्ही. तुमच्या घरातलं जे कोणी अंधारात सायकलवर येतं, त्याची सायकल आज रोज भरते तशीच भरायला लावा. चारा असो, कॅन असो, पोतं असो. मग गाडीत बसा आणि मागून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माणूस ओळखू आला नाही, तर त्याच्या हातातली सायकल काढून घेऊ नका, पायांवर लोंबणारं ओझं वर आवळा आणि घोट्यांना रेडियमची पट्टी बांधा. आणि स्टेअरिंग तुमच्याच हातात असेल, तर जे ओळखू येत नाही त्याच्यापुढं वेग कमी करा. आज संध्याकाळपासून.