करवलीचा पाट आणि किलो छापणारं फंक्शन

भावाच्या हळदीच्या दिवशी मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्याच्या केबिनमध्ये, कोड दुरुस्त करत बसले होते. एकुलता एक भाऊ आणि मी त्याची एकुलती एक सख्खी बहीण, म्हणजे करवली मीच. नेऱ्याजवळच्या आमच्या गावी संध्याकाळी त्याच्याशेजारी पाटावर कलश घेऊन बसायचा मान माझा. लहानपणापासून मी त्याला यावरून धमकावत आले होते: मला छळलंस तर तुझ्या लग्नात बसणारच नाही. आणि आता आमचे साहेब म्हणत होते, पावती नीट छापली गेली की जा.

पावतीवर ट्रकचं वजन येत होतं, पण पुढे ‘किलो’ येत नव्हतं. काट्याच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, विचारलं, हा कोणाचा फोन नंबर? छापायचं काम करणारे कोडचे दोन तुकडे, म्हणजे फंक्शनं, मीच लिहिली होती, दोन्हींचं नाव एकच. एक खास वजनासाठी: दशांश आकडा घ्यायचा आणि पुढे ‘किलो’ लावायचं. दुसरं टेम्प्लेट, म्हणजे साचा. गाडीचा नंबर असो की पावतीचा क्रमांक, जे येईल त्याच्या मापाचं फंक्शन कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, त्यातून पाडून घेतो आणि आलेलं जसंच्या तसं छापलं जातं. वजन दिसलं की कंपायलर माझं खास फंक्शनच उचलणार, अशा गोड भ्रमात मी होते.

घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. नवा काटा वजन पूर्णांकात देत होता. माझ्या फंक्शनला दशांश हवा, म्हणजे आकडा आधी बदलायला हवा. साच्यातून पाडलेलं मात्र बिनबदल बसत होतं. कंपायलरला नातं कळत नाही, माप कळतं. दोन्ही अगदी सारखीच बसली, तरच मान हाताने लिहिलेल्याचा.

हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी खुर्चीत गोल फिरले. हुरळली मेंढी! पूर्णांकासाठीही एक खास फंक्शन लिहून टाकलं आणि पावती ऐटीत शेठच्या हातात दिली. वजनापुढे किलो होतं. पावती क्रमांकापुढेही किलो होतं, कारण क्रमांकही पूर्णांकच. शेठनी चष्मा लावून शांतपणे वाचलं. “पावती सत्तावीस किलोची आहे. उचलायला हमाल बोलावू?” साहेबांसकट सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसत होते.

ते नवं फंक्शन पुसलं. वजन फंक्शनच्या हाती देण्याआधीच, जागच्या जागी, त्याचा दशांश करून टाकला. आता साचाही बसत होता आणि माझं फंक्शनही. जिंकलं माझं. शेठनी मान डोलावली आणि मी स्कूटर काढली. ट्रेलरच्या रांगांमधून वाट काढताना मी हेल्मेटच्या आत चक्क गात होते.

मांडवात शिरले तर पाटावर चुलत बहीण. पिवळी साडी, गजरा, मांडीवर कलश, अगदी करवलीच्या मापाची. मी जीन्समध्ये, घामाने चिकटलेल्या केसांनी, अंगावर बाजाराची धूळ घेऊन उभी. वेळ होत आली म्हणून आत्याने तिला बसवलं होतं, आणि त्यात काही चूक नव्हती. मला मात्र रडू येत होतं आणि हसूही. जशीच्या तशी बसणारी तीच होती. मला आधी बदलायला लागणार होतं. साडी नेसेपर्यंत हळद लागून गेली असती.

मी नेसून येते, थांबा, असं मी म्हणेपर्यंत आत्याने वाटीत हात घातला. माझ्या गालांना, कपाळाला, टीशर्टला हळद फासली.

“झाली करवली,” ती म्हणाली. “सख्खी आली. तू ऊठ गो आता.”

चुलत बहिणीने हसत कलश माझ्या हाती दिला आणि स्वतःचा गजरा काढून माझ्या केसांत खोचला. मी पाटावर बसले. भाऊ समोर बघत होता, डोळे लाल.

“मना वाटला,” तो हळूच म्हणाला, “तू खरंच बसनार नाय.”

माझी ती धमकी इतकी वर्षं कोणीतरी खरी मानली होती.