नलूच्या दोन टाक्या

फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. पलीकडून नलूची आई एवढंच म्हणाली, "गेली व बाई आपली नलू..." खरं सांगते, मला आधी रागच आला. काम असं अर्ध्यावर टाकून कोणी जातं का!

नलू प्राणिशास्त्राची, मी रसायनशास्त्राची. दोघी भंडाऱ्याच्या एकाच कॉलेजात शिकवायचो. तिचं घर आंधळगावचं, विणकराचं. आई मागावर बसायची, पण तिला थायरॉइड कमी पडायचं. धोटा चार वेळा फेकला की गळून जायची, आणि शेजारणी म्हणायच्या, बाई आळशी झाली. नलूला ते फार झोंबलं. पेशीत शक्ती तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांच्याजवळ स्वतःची थोडी जनुकं असतात. थायरॉइडचं संप्रेरक त्या जनुकांना थेट जागं करतं, की केंद्रकाच्या हातून निरोप धाडतं? पीएच.डी.साठी तिनं हाच प्रश्न धरला. आईला सांगायची, "मा, तुह्या आंगातली चूल कोण फुंकते, थेच शोधून राहिली मी."

त्यासाठी शिंगी माशांच्या दोन टाक्या. दोन्हीत औषधानं थायरॉइड रोखलेलं, एकीत संप्रेरक वरून दिलेलं. एकीतले मासे सुळसुळ फिरायचे, दुसरीतले तळाशी पडून. दिवाळीत कॉलेज बंद, म्हणून टाक्या घरी आणल्या... आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आईनं सुस्त मासे उचलून चपळ माशांत सोडले! सणाला घरात कोणी उदास नको, ही तिची रीत. वर म्हणते कशी, "थकवा कसा असते, मले मालूम आहे ना. कायले एकटे पडू देऊ त्याईले?"

वर्षाची मेहनत पाण्यात. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. नलू भिंतीला टेकून बसली, रडली, मग आईच्याच हातची करंजी खाल्ली. "सूत तुटलं तं लुगडं फेकते का कोणी? पुन्हा लावू." आणि लावलंच तिनं, नवे मासे आणून, या वेळी टाक्या घरीच ठेवून. मधेच कॅन्सर निघाला, तरी दवाखान्यातून आईला फोन करून टाक्यांचं पाणी बदललं का ते विचारायची. शेवटच्या भेटीत मला दटावलं, "तू पुरं कर. उत्तर माह्या मनासारखं नाही आलं, तरी जसं आलं तसंच लिहिजो."

तेरवीनंतर मी मासे न्यायला आंधळगावला गेले. आता यकृत काढून तपासायचं होतं, मासे परत येणार नव्हते. हे आईला कसं सांगावं, या विचारानं मी दारातच घुटमळले. पण नलूनं तिला केव्हाच सांगून ठेवलं होतं. ती उठली, जाळी घेतली, तळाशी पडलेला एकेक मासा हळूच उचलून माझ्या डब्यात सोडू लागली. डोळ्यांतून धारा, हात मात्र थांबत नव्हता.

"हे सुस्तवाले," ती म्हणाली. "दुसरा डबा आण. या बारीनं मिसळू नोको देऊ, पोरी."