रेबेकाबाई आणि कौसल्येचा रेडिओ

बिघडलेला स्टोव्ह घेऊन कोणी दारात आलं, की रेबेकाबाई साळवे त्याला तो परत घरी न्यायला लावत आणि मागोमाग स्वतः जात. वस्तू जिथे रोज वापरली जाते तिथे ठेवायला सांगत. मग तिच्याकडे न बघता आधी चूल, खिडकी, फडताळ बघत. "आधी घर दाखवा. वस्तू कुठं पळून जात नाही," असं त्यांचं ठरलेलं बोलणं असे.

देवळाली प्रवरा येथे मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत. शाळेतली पायमशिनं जुनी होती आणि ती दुरुस्त करायला कोणी येत नसे, म्हणून त्या स्वतःच करू लागल्या. मशिनवरून स्टोव्हवर, स्टोव्हवरून इस्त्रीवर आणि शेवटी रेडिओवर त्यांचा हात बसला. मी त्यांच्या गल्लीतच राहत होतो आणि नगरच्या एका दैनिकाला गावची बातमी पाठवत असे. त्यांच्याविषयी मात्र मी तेव्हा एक ओळही लिहिली नाही. बायकांची घरगुती कामं ही बातमी नसते, असा तेव्हाचा समज होता.

त्यांची दुसरी सवय अशी, की त्या पान्याला हात लावत नसत. ज्या बाईची वस्तू, तिनेच ती उघडायची. रेबेकाबाई शेजारी उभ्या राहून शाळेच्या लाकडी पट्टीने दाखवत. चूक झाली की बोलत. एकीने मशिनला खोबरेल घातलं होतं, ते आत चिकटून चाक फिरेना. "मशिनला फोडणी घातलीस का गं?" असं म्हणून त्यांनी तिच्याकडून एकेक भाग रॉकेलने धुऊन घेतला. दुसरीने स्टोव्हच्या बर्नरमध्ये गोधडीची सुई खुपसून भोक मोठं केलं होतं आणि तक्रार होती की स्टोव्ह रॉकेल खातो. "तो खात नाही बाई, तूच भरवतेस," रेबेकाबाई म्हणाल्या.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. आमच्या समोरच्या घरातला नामदेव पश्चिम सीमेवर होता. लढाई थांबली आणि तार आली, की नामदेव बेपत्ता आहे. घरात त्याची बायको कौसल्या आणि आई भागूआजी. पुढे सुट्टीवर आलेल्या एका शिपायाने सांगितलं, की पाकिस्तानच्या रेडिओवर संध्याकाळी युद्धकैद्यांची नावं वाचतात. नाव ऐकू आलं तर माणूस जिवंत, एवढं त्या दोघींना कळलं. नामदेवने लग्नानंतर घेतलेला वाल्वचा रेडिओ घरात होता. पण तो बंद पडला होता.

कौसल्येने बोलावलं तेव्हा मीही गेलो. रेबेकाबाई नेहमीप्रमाणे आधी घर बघू लागल्या आणि यावेळी त्यांना फार बघावं लागलं नाही. रेडिओ पाठीमागून भिंतीला टेकवलेला होता. त्यावर विणलेलं जाड आवरण, आवरणावर नामदेवचा वर्दीतला फोटो, फोटोपुढे फुलं आणि जळती उदबत्ती. तार आल्यापासून आजी रोज तिथे हात जोडत असत. आतले काचेचे वाल्व तापतात, त्यांना वारा लागतो. हा रेडिओ सगळ्या बाजूंनी कोंडला होता.

"हा फोटो इथून काढावा लागेल," रेबेकाबाई म्हणाल्या.

"फोटू हलायचा न्हाई," आजी म्हणाल्या. "माझा ल्योक हाय त्यो."

"म्हणूनच सांगते. जित्या माणसाला उदबत्ती कशाला लावता, आजी?"

कौसल्या खाली बघत होती. आजी उठल्या, उदबत्ती चुलीत टाकली, फोटो पदराने पुसला आणि म्हणाल्या, "खिळा कुटं ठोकायचा सांगा."

"आता प्लग काढ, हात पुस, मग आत बोट घाल," रेबेकाबाईंनी कौसल्येला बजावलं. एक वाल्व गेलेला निघाला. आमच्या घरी एक मेलेला रेडिओ होता, त्याच्या खोक्यात आई औषधाच्या बाटल्या ठेवत असे. तो त्याच जातीचा होता. त्यातला वाल्व बसला आणि रेडिओ बोलू लागला, पण पुणे, मुंबई एवढंच. लांबचं स्टेशन लागेना.

मग उंच एरियलचा उद्योग सुरू झाला. उसाच्या पट्ट्यात पंपाच्या मोटारी जळत, त्यांची काढून टाकलेली तांब्याची तार वायंडिंगच्या दुकानाबाहेर पडलेली असे. कौसल्येने ती आणली. तार भिंतीला किंवा फांदीला टेकू नये म्हणून फुटक्या बाटल्यांचे गळे तिच्या दोन टोकांना अडकवून तार छपरापासून लिंबाच्या झाडापर्यंत ताणली. दुसरी तार अर्थिंगची. मोडक्या लोखंडी पाइपाला बांधून ती न्हाणीजवळच्या ओल्या जमिनीत, कोळसा आणि जाड्या मिठाच्या खड्ड्यात पुरली. त्या संध्याकाळी पलीकडचं स्टेशन खरखरत का होईना, लागलं. भाषा उर्दू, ती समजावी म्हणून त्या दोघी मला बोलावू लागल्या.

नावं येत होती. नामदेवचं येत नव्हतं.

बहात्तरचा उन्हाळा आला. आड आटले. न्हाणीत पाणी पडेना, अर्थिंगचा खड्डा वाळला आणि खरखर इतकी वाढली की नाव ऐकू येईना. रेबेकाबाईंनी कारण सांगितलं तेव्हा आजी म्हणाल्या, "प्यायला न्हाई आन् मातीला कुटलं घालू?" रेबेकाबाई गल्लीत दारोदार गेल्या. "भांडी घासलेलं पाणी अंगणात फेकू नका. आजींच्या खड्ड्यात ओता." दुसऱ्या दिवसापासून बायका घमेलं घेऊन येऊ लागल्या. एकीने विचारलं, "बाई, राखेचं पानी चालंल का?" रेबेकाबाई म्हणाल्या, "खड्ड्याला सोवळं-ओवळं नसतं." खरखर कमी झाली.

मे महिन्यात रेबेकाबाई शिक्षकांच्या शिबिरासाठी नगरला गेल्या. त्याच आठवड्यात एका दुपारी वावटळ आली आणि एरियल मधोमध तुटलं. आजी घाबऱ्या झाल्या. "बाईला सांगावा धाडा," म्हणू लागल्या. कौसल्येने शिडी लावली. मोटारीच्या तारेवर रोगण असतं, नुसती पिळली तर जोड लागत नाही. तिने दोन्ही टोकं विळ्याने चकाकेपर्यंत खरवडली, पिळली आणि खाली उतरली. मी नुसता शिडी धरून होतो.

संध्याकाळी रेडिओ लावला. बऱ्याच नावांनंतर नामदेवचं नाव आलं, बापाचं नाव आलं, मग देवळाली, जिल्हा अहमदनगर. मी दोघींना मराठीत सांगितलं. कौसल्या भिंतीला टेकून खाली बसली. आजी रेडिओकडे बोट करून मला म्हणाल्या, "त्याला म्हनावं, पुन्यांदा सांग."

रेबेकाबाई परतल्या तेव्हा कौसल्या धावत गेली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "तार खरवडली होतीस?"

"व्हय बाई."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि त्या तो बराच वेळ पुसत राहिल्या.

जूनमध्ये त्यांची पुणतांब्याच्या शाळेत बदली झाली. आमच्या गल्लीतले स्टोव्ह त्यानंतरही बिघडत होते, पण ते दुरुस्तीला बाहेर नेताना मी कोणाला पाहिलं नाही. वर्ष संपता संपता कैदी सुटले आणि नामदेव घरी आला. कोणी ना कोणी त्याला रेबेकाबाईंचं नाव सांगत होतं. तिसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन पुणतांब्याला गेला आणि संध्याकाळच्या आत परत आला. बाईंनी पाणी दिलं, एक पेढा घेतला आणि उरलेला पुडा त्याच्या हातात ठेवला, असं त्याने मला सांगितलं.

"म्हनल्या, माझे आभार कशाला मानतोस? घरी जा. तुझ्या बायकोनं काय काय केलं ते तिला विचार. सगळं ऐक. आन् मधी बोलू नको."

तो ओसरीवर बसला. कौसल्येला हाक मारून त्याने समोर बसायला सांगितलं. ती आधी लाजली, मग सांगू लागली. दिवेलागण झाली तरी ती सांगत होती आणि तो मध्ये एक शब्द बोलला नाही.