सुई न टोचता लावलेला कापूस

मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तो अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या बाजूला आहे. मी तिथली सिस्टर. गोळ्या, बीपी, शुगर, कोणाला रात्री धाप लागली तर पहिली हाक मला. म्हाताऱ्यांना उठवणं, आंघोळी, कपडे हे सगळं करणाऱ्या बाया वेगळ्या आहेत. त्यांना आम्ही गावावरूनच हाका मारतो, वरुडची, दर्यापूरची. मी मूळची अकोल्याची, पण मला त्या ताई म्हणतात. मी कमी बोलते, म्हणून मी फार शांत आहे असा त्यांचा समज आहे. गेलं वर्षभर मला बसल्या जागी बसवत नाही, हे त्यांना ठाऊक नाही. नव्हतं, म्हणायला हवं.

गेल्या वर्षी, उन्हाळा संपत आला तेव्हा, डॉक्टरांनी आमच्या सगळ्यांसाठी फ्लूची लस पाठवली. म्हाताऱ्यांना आधीच दिली होती. डॉक्टर म्हणाले होते, या वयात लस अंगाला पुरती लागत नाही, तेव्हा त्यांना रोज हात लावणाऱ्यांनी ती घेतलीच पाहिजे. टोचायचं काम माझं होतं. जेवणं आटोपल्यावर मी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

"मले काय धाड झाली?" वरुडची म्हणाली. "संत्र्याच्या बगीच्यात वाढेल बाई आहो मी. सर्दी मले पाह्यते अन् वापस जाते."

"सर्दी काहून, नवरा बी वापस गेला होता," स्वयंपाकाची काकू म्हणाली. सगळ्या हसल्या.

"हासा. उद्या हात सुजला म्हंजे त्या अण्णाले खाटेवरून उचलन कोन? तू?"

"अण्णाले उचलाले तं क्रेन लागते बाई. लशीचं काय सांगतं!"

हसणं झालं, पण खुर्चीवर कोणी येऊन बसेना. शेवटी वरुडचीच म्हणाली, "तुमी पहिले घ्या ताई. तुमाले काई झालं नाही तं मंग आमी घेतो."

बोलणं रास्त होतं. मी माझी सुई घेतली आणि औषधाच्या खोलीत गेले. बाही वर करायची म्हणून दार लोटून घेतलं.

आता इथे थोडं मागचं सांगावं लागतं. माझे यजमान करोनाची लस घेतल्यावर काही आठवड्यांनी गेले. हृदयाचं दुखणं जुनं होतं, एकदा स्टेंट टाकून झाला होता, तरी तंबाखूचा खर्रा सुटला नव्हता. ते कशाने गेले हे मला नर्स म्हणून स्वच्छ माहीत आहे. दहाव्याला आलेली एक चुलत सासू म्हणाली, "लस घेतली अन् गेला बिचारा." तेव्हा सगळ्यांसमोर मीच तिला गप्प केलं. लशीचा काही संबंध नाही, उगाच काही बोलू नका, असं ठणकावून सांगितलं. त्यानंतर कितीतरी दंडांवर सुया टोचल्या, हात कधी थरथरला नाही. पण तिचं ते वाक्य माझ्या आत कुठेतरी राहून गेलं होतं, आणि मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर मला स्वतःची लाज वाटली असती.

त्या दुपारी स्वतःच्या दंडाशी सुई नेली आणि हात पुढे सरकेना. बाहेरून काकूंचा आवाज आला, "ताई, झोपल्या काय?" मी सुई बेसिनमध्ये रिकामी केली. नळ सोडला. दंडावर कापसाचा बोळा ठेवला, वरून पट्टी चिकटवली आणि बाहेर आले.

"दुखलं काय?"

"मुंगी चावल्यासारखं वाटलं," मी म्हणाले.

मग सगळ्यांनी घेतली. वरुडचीने डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेतलं, काकूंनी तिचा हात धरला. वरुडचीचा दंड दुसऱ्या दिवशी खरंच दुखला, तरी अण्णांना तिनेच उचललं. येता-जाता मला विचारायची, "तुमचा नाही दुखून राहिला?" मी नाही म्हणायची. तेवढं मात्र खरं होतं.

आमच्याकडे एक आजी होती. अकोल्याकडची, भाजीवाल्या माळ्याच्या घरातली. उभा जन्म बाजारात बसून गेलेला. आश्रमात भाजीचं पोतं आलं की तिची खाट दाराशी ओढावी लागे. भेंडी मोडून पाही, वांग्याला नख लावी आणि टेम्पोवाल्याला म्हणे, "हे जनावराले आनलं काय रे?" लकव्याने तिचा उजवा हात गेला होता. दुपारचा वरणभात मी भरवायची. तिला जेवण कढत लागायचं, पण तिची जीभ चटकन भाजायची. म्हणून प्रत्येक घास मी फुंकून द्यायची. आमच्याकडे लेकराला असंच भरवतात, त्यात वावगं काही वाटत नाही. मी फुंकर मारली नाही तर आजी तोंडच उघडत नसे. "फुंक ना वो माय," म्हणायची.

पुढे पावसाळ्यात एक दिवस माझा घसा सकाळपासून खवखवत होता. मी दिवसभर मास्क लावला. भरवताना तो खाली केला. मास्कमधून फुंकर कशी मारणार? वाटी संपेपर्यंत फुंकत होते. त्या संध्याकाळी मला थंडी वाजून ताप भरला आणि मी घरी पडून राहिले. मी परत कामावर आले तेव्हा आजीची खाट रिकामी होती. तिला दवाखान्यात नेलं होतं. तपासणीत फ्लू निघाला, त्यावर निमोनिया झाला. ती परत आली नाही.

माझी तपासणी कोणी केली नाही. मला तेव्हा काय झालं होतं, कोणाला ठाऊक. आजीला माझ्याकडून झालं की भेटायला आलेल्या कोणाकडून, हे आता कधीच कळणार नाही. लस घेतली असती तरीही मला फ्लू झाला असता, असंही होतं. हे सगळं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की त्यातले शब्द झिजले. पण जरा बसले की मला बेसिनचा नळ ऐकू येतो आणि मी उठून उभी राहते.

आजीच्या तेरवीला आम्ही दोघी-तिघी अकोल्याला गेलो. तिच्या मुलाने मला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावता येत नाही म्हणून नुसता नमस्कार केला आणि हातात लुगडं ठेवलं. "पोटच्या पोरीनं केलं नसतं तेवढं तुमी केलं ताई. घास फुंकू फुंकू चारला, मायच सांगे मले फोनवर." भोवतीच्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. मी लुगडं घेतलं. न घेता कसं येणार होतं? आणि येताना एसटीत वरुडची मला म्हणत राहिली, "तुमचं पुण्य आहे."

यंदा पुन्हा लस आली. पुन्हा हॉल, पुन्हा खुर्ची. वरुडची हसून म्हणाली, "चला ताई, तुमी पहिले. तुमचा तं दंड दगडाचा आहे."

मी ठरवून गेले नव्हते. पण तोंडातून निघालं, "मागच्या वर्षी मी घेतली नव्हती."

आधी त्यांना कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. बेसिन, कापूस, यजमान, घसा, आजी. सलग नाही सांगता आलं, मागचं पुढे होत होतं. काकू म्हणाल्या, "अगं माय!" आणि तोंडावर हात ठेवला. मी तिथेच सगळ्यांसमोर बाही वर केली आणि टोचून घेतलं. थोडं रक्त आलं.

"आता या," मी म्हणाले.

कोणी हललं नाही.

"काहून येऊ?" वरुडची म्हणाली. "तुमी नर्स असून भेल्या. आमाले तं काई समजत नाही. आमी काय म्हून भ्याव नाही?"

"मी उगाच भ्याले होते. ते लशीनं गेले नव्हते."

"हे मागच्या साली समजत नव्हतं तुमाले?"

"समजत होतं."

ती खुर्चीपासून मागे सरकली. ह्या बाया उठून गेल्या असत्या तर आत खाटांवर पडलेल्या सगळ्यांचं काय, हा विचार मी बोलण्याआधी केलाच नव्हता. माझं ओझं उतरवायची मला घाई झाली होती. मी म्हणाले, "माझ्यावर भरवसा ठेवू नका. डॉक्टरांना फोन लावून देते, त्यांना विचारा."

तिने खरंच फोन लावायला लावला. डॉक्टरांना उलटसुलट विचारलं, हात सुजतो काहून, ताप येतो काहून, हृदयवाल्याला चालते काय. बोलणं संपल्यावर फोन मला परत दिला आणि खुर्चीत बसली.

"मी घेतो. पण तुमच्यासाठी नाही. अण्णाले मी रोज आंघोळ घालतो, म्हून." टोचताना यंदा तिने डोळे मिटले नाहीत, माझ्या हातांकडे पाहत होती. तिच्यामागून बाकीच्या आल्या. उठताना ती म्हणाली, "अकोल्याच्या भाऊले, आजीच्या पोराले, सांगतलं काय?"

"नाही."

"मंग आमाले काहून सांगता? माय त्याची होती."

दुपारभर मी वऱ्हांड्यात येरझाऱ्या घातल्या. गोळ्या वाटताना एकीच्या दुसरीला देता देता राहिले. शेवटी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशी उभं राहून अकोल्याला फोन केला. भाऊ बाजारात असावेत, मागे हाका चालल्या होत्या. "बोला ताई, बोला!" इतक्या आनंदाने म्हणाले की मी जवळजवळ ख्यालीखुशाली विचारून ठेवून देणार होते.

मी सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"मले हे काहून सांगून राहिल्या तुमी आता?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माय सुखात गेली, प्रेमाचा घास खाऊन गेली, एवढंच माह्याजवळ होतं."

माफ करा म्हणणं म्हणजे त्यांच्याकडून आणखी काही मागणं झालं असतं, म्हणून मी ते म्हणाले नाही.

"यंदा घेतली काय सुई?" त्यांनी विचारलं.

"घेतली."

"बाकीच्यायनं?"

"सगळ्यांनी घेतली भाऊ."

"बरं," ते म्हणाले. मागे कोणीतरी त्यांना वांग्याचा भाव विचारत होतं. त्यांनी त्याला उत्तर दिलं नाही आणि फोन ठेवला.